रविवारची गाडी

३ मे, रविवार

आज पुन्हा तेच. चहा न पिता हे गाडीपाशी. बॉनेट उघडलं, तेल मोजायची पट्टी काढली, फडक्याला पुसली, बुडवली, पाहिली, पुन्हा पुसली, पुन्हा बुडवली. शेवटी मीच म्हटलं, अहो, बघून बघून तेल वाढणार आहे का? तर रागावले. "थंड गाडीतच बगायचं असतं. तुला काय कळतंय!"

खरंच आहे. गाडीतलं जे काही कळतं ते ह्यांनीच शिकवलेलं. भातसानगरला धरणाच्या क्वार्टरमध्ये होतो तेव्हा कॉलनीच्या रिकाम्या रस्त्यावर. तापलेल्या गाडीचं रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. हवा पेट्रोल पंपावर पोचल्या पोचल्या भरायची, चाकं गरम व्हायच्या आत. बॅटरीवर पांढरं साचलं की गरम पाणी, मग व्हॅसलिन. शाळेतल्या पोरांकडून पाढे घ्यावेत तसे माझ्याकडून घोकून घेतले. ते सगळं माझ्यात राहिलं आणि ह्यांच्यातून चाललंय.

दुपारी ती पट्टी चमच्यांच्या स्टँडमध्ये सापडली. आमटी ढवळायच्या बेतात होते.

५ मे

सुमीचा फोन, कल्याणहून. "आई, विकून टाक ती गाडी. बाबांच्या हाताला लागेल असं काही ठेवू नको." मुलगी शहाणी आहे. पण महिन्यातून दोनदा ह्यांना कल्याणला डॉक्टरांकडे कोण नेणार? गाडीने नेऊ नको तर आटगाव स्टेशनवरून ने म्हणते. मागच्या वेळी नेलं होतं. मी तिकिटाला वळले तेवढ्यात हे प्लॅटफॉर्म उतरून रुळाच्या कडेने चालायला लागले. 'कामावर जातो' म्हणे.

डॉक्टरांनी दिवाळीत ह्यांचं चालवणं बंद केलं तेव्हापासून स्टिअरिंग माझ्याकडे. बॉनेट मात्र ह्यांचंच. तेवढं काढून घेतलं तर ह्या माणसाकडे उरतं काय?

१० मे, रविवार

चांगला दिवस. गच्चीवर कुरडया घातल्या. सकाळभर खालून आवाज नाही, हाका नाहीत. डोकावले तर जॅक लावून चाक काढून बसलेले, तोंडाने काहीतरी गुणगुणत. मी मुद्दाम खाली गेले नाही. कितीतरी दिवसांनी असा निवांतपणा मिळाला.

जेवायला आले तर हात कोपरापर्यंत काळे. गोडं तेल लावून, मग साबणाने धुतले मी. म्हणाले, "ग्रीसिंग झालं बग. आता पावसाची काळजी नाय." मी म्हटलं, छान झालं.

११ मे

शहापूरला गोळ्या आणायला निघालो. गावात गाडी हळूच होती, काही जाणवलं नाही. उतारावर वळणाआधी ब्रेक दाबला. पाय खाली गेला आणि गाडी तशीच पुढे. पुन्हा दाबला. नाहीच. वळणावर ठाकूरवाडीची एक बाई करवंदं घेऊन बसलेली. ती उठून पळाली. मी हँडब्रेक ओढला आणि गाडी बांधाच्या मातीत घातली. बंपर गेला, टोपली चाकाखाली. बाई वाचली. आम्हीही वाचलो.

ती ओरडत आली, "डोळं फुटलं का गो बाई! मारलं असतंस ना मला!" आणि हे शेजारी शांत बसलेले. म्हणाले, "गेट नीट बसत नाय. ग्रीस कमी पडलं."

तेव्हा कळलं.

१२ मे

गॅरेजवाला सुभाष गाडी ओढून घेऊन गेला. चाक काढल्या काढल्या कपाळाला हात. "बाई, ब्रेकच्या चकतीला ग्रीस कोनी फासलं वो? हितं तेलाचा थेंब पन चालत नाय!" पुढच्या दोन्ही चाकांना. पॅड फेकून द्यावे लागले.

धरणावर असताना पावसाळ्याआधी दरवाज्यांचं ग्रीसिंग ह्यांच्याकडे असायचं. वायररोप, गिअर, सगळं. साहेब बघायला यायच्या आत संपलेलं असायचं. मे महिना आला, हातांना काम आठवलं. समोर धरण नाही, गाडी आहे, एवढंच विसरले.

सुभाष वर म्हणतो, "पन चाकं लई बेस बसवल्यात हां. नट एकदम टाइट." काय करू त्या कौतुकाचं.

१४ मे

जॅक, पाने, ग्रीसचा डबा, सगळं तांदळाच्या पिंपामागे. गाडी गॅरेजमधून परत आली; बॉनेट उघडायची आतली तार ओढता येऊ नये म्हणून तिला कुलूप, चावी माझ्या कमरेला.

दिवसभर शोधत होते. माळा, न्हाणीघर, पलंगाखाली. संध्याकाळी अंगणात उभं राहून अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं, "माझी हत्यारं चोरली! घरात चोर शिरलाय!" बोट माझ्याकडे. मीही ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही.

१७ मे, रविवार

हे फडकं हातात घेऊन पायरीवर बसून राहिले. मीच तेल बघितलं, पाणी बघितलं, काचा पुसल्या. मुद्दाम ह्यांच्या समोर, म्हटलं काही सांगतील, चूक काढतील. नाही. नुसतं बघत होते.

जेवताना विचारलं, "रविवार कधी आहे गो?" आजच आहे म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा, "रविवार कधी?" झोपेपर्यंत तेच.

मी हरले आहे. दुसरा शब्द सुचत नाही. हत्यारं दिली तर एखाद्या वळणावर कुणाचा तरी जीव जाईल. नाही दिली तर हे असे पायरीवर. नव्या ब्रेकवर पाय ठेवते, घट्ट लागतो तरी पुन्हा दाबून बघते.

२० मे

सुमीला शेवटी हो म्हटलं. तिच्या ओळखीतून धसईचा भाजीचा व्यापारी गाडी बघायला येणार, रविवारीच वेळ आहे त्याला. कल्याणला न्यायचं काय, विचारलं तर म्हणते भाड्याची गाडी करू. परक्या गाडीत हे बसतील तर ना.

ह्यांना काही सांगितलेलं नाही.

२४ मे, रविवार

व्यापारी आला, बायकोला घेऊन. भली माणसं. ब्रेकचं आणि बंपरचं जे झालं ते मी आधीच सांगितलं, लपवायचं कशाला. त्याने बॉनेट उघडलं आणि हे पायरीवरून उठले. मी अडवायला पुढे झाले. पण हात नाही लावला कशाला. व्यापाऱ्याशेजारी जाऊन उभे राहिले, हात मागे बांधून.

व्यापाऱ्याने विचारलं, "बाबा, गाडी नीट ठेवलेली हाय ना?"

"ह्या बाईंची गाडी ती," माझ्याकडे मान हलवून म्हणाले. "दर रविवारी सोता बगतात. तेल, पाणी, हवा. कधी चुकल्या नाय. मी हितंच असतो, बगतो ना मी."

मग त्याच्या कानाशी वाकून, पण मला ऐकू येईल असं, "आधी त्यांचे मिस्टर करायचे सगळं. ते हल्ली दिसत नाय."

व्यापारी माझ्याकडे बघायला लागला. त्याच्या बायकोने पदर तोंडाला लावला. मी बॉनेट धरून उभी, ते खाली टाकायचं सुचेना. हे पुढे झाले, दोन्ही हातांनी बेताने बंद केलं, वरून एकदा दाबून बघितलं, आणि मला म्हणाले, "बाई, माणूस चांगला वाटतो, पन घाई करू नका."

बुधवारपर्यंत कळवते म्हटलंय.