खंडेनवमीला विसावलेला डबा

कोल्हार, ऑक्टोबर १९९९

ती. सौ. वृषालीताईस धाकट्या चुलतभावाचा, म्हणजे रामचा, वाकून नमस्कार. बंगळूरला तुझं आणि भाऊजींचं बरं चाललंय असं मी आपलं धरून चालतो, कारण तू स्वतःहून कळवणार नाहीस. इकडे सगळे खुशाल आहेत (मी सोडून, आणि तुझा डबा सोडून).

डबा म्हणजे आपल्या साखर कारखान्यातला तो स्विच, तू नोकरीच्या पहिल्या वर्षी स्वतः येऊन बसवलेला. वजनकाटा, हिशेब आणि स्टोअर इथले संगणक त्याच्याच जोरावर एकमेकांशी बोलतात. दोन हजार साल लागलं की जुनं सॉफ्टवेअर तारखांचा घोळ करील, गाळप सुरू व्हायच्या आत नवं चढव, असं तूच फोनवर बजावलं होतंस. वर हेही, की सगळ्यात मोठ्या नंबरचं व्हर्जन घेऊ नकोस, वर्षभर लोकांनी वापरून सुधारून घेतलेलं घे, आणि सोबतचं माहितीपत्रक शेवटपर्यंत वाच. वाचलं, ताई. घोडेगावच्या बाजारात बैलाचे दात बघतात तसं वाचलं. त्यात ठळक अक्षरांत होतं, की जुनं पुसून नवं उतरत असताना वीज जाता कामा नये, नाहीतर मशीन ना जुनं राहतं ना नवं. म्हणून मी यूपीएस लावला, जनरेटरवाल्याला बसवून ठेवलं, आणि ऑफिस रिकामं मिळावं म्हणून मुद्दाम खंडेनवमी धरली. (माझी हुशारी बघ.)

विजेचा बंदोबस्त झाला, तात्यांचा राहिला. तू परस्पर रजिस्टर लग्न केलंस आणि तात्यांनी पोटच्या लेकीला "माझ्या दारात पाऊल ठेवू नको" म्हणून सांगितलं, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून घरात तुझं नाव निघत नाही. मागच्या खंडेनवमीलाही ते हार घेऊन ऑफिसात आले होते. मला वाटलं, कारखान्याचे सभासद आहेत, आले असतील. या वेळी फाईल निम्मी उतरली होती आणि मी फाटकावर नारळ आणायला गेलो होतो. परत येतो तो तात्या डब्याच्या कपाटापुढे उभे. डबा ओल्या फडक्याने पुसलेला, त्यावर कुंकवाची बोटं, झेंडूचा हार, आणि वायर काढून, नीट गुंडाळून बाजूला ठेवलेली. मी ओरडलोच. ते शांतपणे म्हणाले, "आरं, चालू मशिनीची पूजा करत्यात व्हय? पोरीनं बसवलेलं हाय, वरीसभर राबतंय. येक दिस इसावा नको त्याला?"

मी वायर लावली. एकच पिवळा दिवा लागला आणि तसाच राहिला. तात्या दिव्याकडे बघत राहिले, मग माझ्या तोंडाकडे, आणि त्यांना कळलं. टोपी काढून हातात घेतली. "तिच्या हातचं तेवढंच हुतं हितं," म्हणाले आणि खाली फरशीवर बसले. ताई, त्यांचा बैल मेला तेव्हा मी त्यांना पाहिलंय, भाऊबंदकीची केस हरले तेव्हाही पाहिलंय. असं कधी पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, तुम्हा दोघांचाही राग आला.

तरी जुन्या व्हर्जनची फाईल सीडीवर घालून लवकरात लवकर कुरिअरने पाठवावी. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
राम

ता. क. सीडी पाठवू नकोस. हे पत्र टाकायचं राहून गेलं, तोवर पुण्याहून इंजिनिअर येऊन गेला. त्याने डबा दुसऱ्याच दिवशी उठवला आणि तू सांगितलेलं व्हर्जनही चढवून गेला. उत्तम चाललाय. (हार अजून त्यावरच आहे, काढायला माझा हात धजत नाही.)

आणखी एक ता. क. डबा सुरू झाला हे तात्यांना ठाऊक नाही. बसवणाऱ्याच्या हाताशिवाय हा डबा सुरू होत नाही, असं मी त्यांना सांगून ठेवलंय, आणि आतले दिवे दिसू नयेत म्हणून कपाटाला कुलूप घातलंय. रोज संध्याकाळी येतात, कुलपाकडे बघतात आणि विचारतात, "काय म्हनली ती? कदी येती?" दोन वर्षांत पहिल्यांदाच विचारतायत, ताई. तेव्हा निघण्याआधी मला फक्त एक फोन कर, म्हणजे मी डबा बंद करून ठेवतो.