दोघींची फुंक

सोमवार, ३ मार्च

नाव दिलं! माझं दिलं, उनाइसीचंही दिलं – तिला न विचारता. विचारलं असतं तर नाहीच म्हणाली असती.

मासळीच्या कारखान्याची नवी टूम. तीन महिने ओढणं सोडा, माणशी आठशे डॉलर घ्या. पण जोडीनं. महिन्याला एकदा नर्स प्रेमिलाच्या नळीत दोघींनी फुंकायचं. एकीच्या श्वासात धूर दिसला की दोघींचं गेलं – पुन्हा पहिल्या दिवसापासून.

मला दात बसवायचेत. पुढचे नाहीत, चर्चमध्ये गाताना शिट्टी वाजते. पण नाव दिलं ते दातांसाठी नाही. उनाइसीच्या पायासाठी. साखरेनं दोन बोटं गेली तिची. डॉक्टर तोंडावर म्हणाला, ओढणं थांबलं नाही तर आता घोट्यापासून कापावा लागेल. ही बाहेर आली आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून सुकी वळायला लागली! गावठी तंबाखू, वर्तमानपत्राचा तुकडा, आरामात.

माझ्या नवऱ्याची बहीण ती. आमच्यात भावानं बहिणीशी तोंडानं बोलायचं नाही. वाईसाके नुसता तिच्या पायाकडे बघतो आणि बाहेर जातो. मग बोलायचं कुणी? मीच!

मंगळवार, ४ मार्च

तिला कळलं. मासे साफ करता करता सुरी आपटली. "वहिनी, तू काय मालकीण लागून गेलीस माझी?"

म्हटलं, "तुझी नाही. तुझ्या भावाची."

सगळं टेबल खिदळलं. तीही. आठशेचा आकडा ऐकल्यावर तर जास्तच.

बुधवार, १२ मार्च

मरते मी. नर्स म्हणते, हात रिकामा राहिला की लिहीत जा. लिहिते आहे. सुकी. सुकी. सुकी. झालं?

सोमवार, ७ एप्रिल

पहिली फुंक. दोघी पास! उनाइसी बाहेर आल्यावर नाचली – एका पायावर. "बघ, सरावच करते," म्हणाली. असल्या गोष्टीवर विनोद करते मेली. मी पाठीत धपाटा घातला.

सोमवार, ५ मे

दुसरी पण झाली. जखम सुकत आलीय. मी रोज बघते, ती रोज शिव्या देते.

शनिवार, ३१ मे

नवऱ्याच्या चुलत्याला आज पुरलं. दोनशे माणूस. सुनांनी चुलीपाशी, माहेरवाशिणींनी चटईवर. उनाइसी चटईवर बसून रडली. मी तीन दिवस धुरात रडतेय. लाकडं ओली. त्यात म्हातारे मागच्या दारी बसून सुकी ओढणार आणि मलाच विचारणार – "काय मेरेवालेसी, घेतेस का?" एकाच्या हातातली काढून चुलीत टाकली. चुलत्याच्या मातीला ही असलं वागते, म्हणाला. वागते!

सोमवार, २ जून

आज शेवटची फुंक. पहाटे पाहुण्यांना दालोचे कंद उकडून दिले, चुलीपुढनंच उठून कामावर आले.

उनाइसीनं फुंकलं – पास. मी फुंकलं – आकडा वर! पुन्हा फुंकलं. वरच!

मुकादम हसला. "तीन महिने नाटक केलंस की गं." त्याच्या अंगावर बादली ओतणार होते. उनाइसीनं नुसतं बघितलं आणि लंगडत गेली. ते जास्त लागलं.

नर्सनं दार लावलं. "खरं सांग." सांगितलं. मेलेला माणूस, ओली लाकडं, पहाटेची चूल. ती म्हणाली, लाकडाचा धूरही या नळीत दिसतो. "मोकळ्या हवेत राहा. सुटताना परत फुंक."

दिवसभर बर्फखोलीच्या बाजूला उभी राहून मासे कापले. जेवणाच्या सुट्टीत बायका म्हणाल्या, आता गेलंच आहे तर ओढ एक. बोटं शिवशिवली. पाणी प्याले. परत प्याले.

सुटताना फुंकलं. साफ! नर्स म्हणाली, उनाइसीची सकाळची धरली, जोडी पास, शुक्रवारी पैसे.

पळत फाटकापाशी गेले. उनाइसीला मिठी मारली, गालाला नाक लावून हुंगलं – आम्ही घेतो तसा मुका. मासा. घाम. आणि त्याच्या खाली सुकी.

तिला कळलं मला कळलं ते. "मला वाटलं सगळं गेलंच," म्हणाली. "दोन ओढल्या. दोनच, वहिनी. बर्फखोलीमागं." मग हळूच, "नर्सनं माझी सकाळची धरली ना? मग झालं तर!"

मंगळवार, ३ जून

आज परत हुंगलं. गाल मागे घेत होती, मान धरून हुंगलं. दोन नाहीत. चांगल्या पाच-सहा असतील.

"पैसे मिळाले की सोडते."

पैसे मिळाल्यावर कशाला सोडशील गं?

बुधवार, ४ जून

दातवाल्याकडे गेले. त्यानं मेणाचा साचा तोंडात कोंबला. शुक्रवारी पैसे आण, म्हणाला. आरशात बघितलं. दात नसलेली बाई. बाकी धडधाकट.

घरी आले तर वाईसाके पायरीवर. बहिणीचं नाव घेत नाही. "पट्टी परत ओली आहे," एवढंच म्हणाला.

शुक्रवार, ६ जून

पाकिटं टेबलावर होती. मी म्हटलं, "नर्सबाई, उनाइसीला आत्ता माझ्यासमोर फुंकायला लावा."

आकडा वर! दोघींचं गेलं. आज पुन्हा पहिला दिवस. उनाइसी गावभर सांगत हिंडतेय, वहिनीनं घात केला, जळली मेली.

हिंड बाई. दोन्ही पायांनी हिंड. सोमवारी परत हुंगणार आहे.