माहेरची खोली

बेहाला, कलकत्ता, ४ नोव्हेंबर १९७२

ही वही सुरू करण्याचं कारण एकच. घराच्या दुरुस्तीत काय ठरलं ते आमचे यजमान विसरतात आणि चार माणसांत मलाच खोटी पाडतात. आता सगळं लिहून ठेवणार.

घर झकास आहे. वीसेक वर्षांपूर्वीचं, दोन खोल्यांचं, लाल सिमेंटची जमीन, मागे नारळ. यांच्या बदल्यांपायी आयुष्य सरकारी क्वार्टरांत गेलं. निवृत्तीनंतर का होईना, स्वतःच्या भिंती मिळाल्या. त्यांना खार आलाय, खिडक्या कुजल्यात आणि पैसा बेताचा. तेव्हा मागची खोली नीट करायची, बाकी घराला नुसता चुना. आमची लेक लीना तिथे बाळंतपणाला येईल. हे म्हणाले, तिला अलीपूरला सासरीच राहू दे, हॉस्पिटल जवळ आहे. मी म्हटलं, पहिलं बाळंतपण माहेरीच. आजवर तुम्ही सुचवलंत आणि मी माझंच केलं, तसंच चालू द्या.

१२ नोव्हेंबर

हारान गवंडी कामाला बरा, तोंडाने सैल. मागच्या खोलीतला जुना गिलावा माझ्यासमोर खरवडून घेतला. म्हणतो, दिदिमोनी, तुम्ही फौजेत असतात तर गेल्या वर्षीचं युद्ध दुपारच्या जेवणाआधी आटोपलं असतं. मी म्हटलं, कोपरा वाकडा आहे, तो बघ.

१९ नोव्हेंबर

खोली झाली. दुपारी फाटकाशी एक मुलगी उभी होती. पंचविशीची, भांगात सिंदूर, हातात शंखाच्या बांगड्या, दिवस भरत आलेले. मागची खोली तयार झाली का, असं विचारत होती. अंगावरची साडी चिंब. घाम असावा. दारी आलेली गरोदर सवाशीण रिकाम्या हाती कशी पाठवायची? आत बोलावलं, नव्या खोलीत पाटावर बसवून खणानारळाने ओटी भरली. इकडे ही पद्धत नाही. पदर कसा पसरायचा तेही मीच दाखवलं. मला मासीमा, म्हणजे मावशी, म्हणत होती. आपल्याकडे म्हणतात तसं मी म्हटलं, हे तुझं माहेरच समज, केव्हाही ये. ते ऐकून रडायला लागली.

हात धुऊन आले तोवर गेलेली. पाट ओला होता.

२६ नोव्हेंबर

नव्या गिलाव्यावर ओल आलीय. भिंतीला पाठ टेकून बसलेल्या बाईएवढी. हारानने खरवडून पुन्हा लिंपलं, पुन्हा तिथेच. आता तो येत नाही. निरोप पाठवला, सिमेंट मिळत नाही.

शेजारच्या घोषगिन्नींना त्या मुलीबद्दल विचारलं. म्हणाल्या, ती आधीच्या मालकाची मुलगी. बापाच्या मनाविरुद्ध लग्न केलं, बाळंतपणाला परत आली, बापाने फाटक उघडलं नाही. पावसात तिथेच गेली, पोटातल्यासकट. तेव्हापासून दिसते, पण फाटकाबाहेर. आत यायला तिला कुणी म्हटलंच नव्हतं. मग विचारलं, तुम्ही काय म्हणालात तिला?

मी सांगितलं नाही.

५ डिसेंबर

लीना आली. सातवा लागलाय. खोली आवडली. म्हणते, गार आहे, झोप छान लागते. ओलीपुढे मी कपाट लावून ठेवलंय.

ती आंघोळीला गेली तेव्हा भिंतीला सांगून टाकलं, बंगालीत. मला मुलगी एकच. माहेर तिचं. तू चालती हो. उत्तरादाखल हसणं— नाही, पाणी झिरपत असेल.

११ डिसेंबर

लीनाचं पोट ओसरलंय. निऱ्या सुटतात. दुखत काही नाही. आरशासमोर हात फिरवत उभी राहते. विचारलं, आई, असं होतं का गं?

होतं म्हटलं.

१४ डिसेंबर

डॉक्टरीणबाई चिडल्या. मूल नाही म्हणतात. कधी नव्हतंच. बी.ए. झालेल्या आईला एवढं कळू नये—

कपाट सरकवलं. ओलीच्या मांडीवर आणखी एक ओल. लहान.

१५ डिसेंबर

भिंतीतली बोलते. मासीमा नाही, आता मा म्हणते. लीनासाठी केलेले डिंकाचे लाडू मागितले. शेक मागितला. एका माहेरात दोन मुली नकोत, म्हणते. दुसरी राहिली तर बाळाला पाजणार नाही.

बाळ रडतं. यांनाही ऐकू येतं. कपाळ लीनाचं. पाहिलं मी, हातात घेऊन—

१६ डिसेंबर

जावई आला, श्रीकांत. टॅक्सी घेऊन. त्याच्या स्वाधीन केलं: लीना. तिची ट्रंक. शाल. झबली-टोपडी लीनाने मागितली. दिली नाहीत, इथे लागतात.

तिने रडणं ऐकलं. टॅक्सीतून उतरली. फाटक हलवतेय. माझं आहे गं ते, आई, म्हणते—

कुलूप मीच घातलं. हे किल्ली मागतात, हात जोडतात. दिली नाही. आत बाळ गप्प झालंय. पितंय. पितंय तोवर मी फाटक उघडणार नाही.