कमरेएवढा मका

दादा,

"मका कापायला आला की येतो," म्हणालास, ते अण्णांनी धरून ठेवलंय. डोळे गेलेत, अंथरूण सुटत नाही. मी कामावरून परतले की विचारतात, "कुठवर आला?" रस्त्याकडेच्या शेतांतला मका मी माझ्या अंगावर मोजून सांगायचे, आधी गुडघ्याएवढा, मग कमरेएवढा. तू फोन उचलेनासा झालास, तेव्हापासून तो कमरेवरच थांबवलाय.

मका कधीच कापून झाला. काल माझ्या ओढणीत अडकलेलं वाळकं पान अण्णांच्या हाताला लागलं. त्यांनी ते चुरगळून उशीखाली सारलं. म्हणाले, "यंदा वाढ हळू आहे, नाही?"

आज तिथं नांगर फिरला.

हे पत्र मी टाकणार नाही. बोलावल्यावर आलास, तर ते येणं अण्णांच्या काय कामाचं?

तुझी,
धाकटी