ज्याचं त्याच्याच हातात

आदरणीय सलिमाखाला,

सदफचा शिवाजी पेठेतनं सलाम, आणि तुमच्या दोन्ही गुडघ्यांची वेगवेगळी चौकशी. (डावा जास्त कुरकुरतो, असं परवा तुमच्याकडनं आलेली सना म्हणत होती.) इकडं सगळं झ्याक हाय.

तुम्ही नेहमी विचारता, पोरगी फ्रेंच शिकून करणार काय? तर ऐका. एका परदेशी कुरिअर कंपनीचे फ्रेंच नियम इंग्रजीत आणायचं काम चाचणीवर मिळालं. रजिस्टर पत्र, पोचपावती, इथवर गाडी सुसाट. मग आलं ‘रमीझ आं मॅं प्रोप्र’. म्हणजे पार्सल ज्याचं त्याच्याच हातात द्यायचं, सही घेऊन, दुसऱ्या कुणालाबी न्हाई. इंग्रजी बरोबर केलं, पण मनाला काय पटेना. घराला कुलूप असलं तर माणसानं पार्सल घेऊन माघारी जायचं व्हय? समोरच्या घरी द्यावं, तिथं कुणी नसलं तर तालमीत ठेवावं, हे लिहायचं बिचाऱ्यांकडनं राहिलं असणार. मी आपलं तेबी इंग्रजीत घालून दिलं. (अर्धवट काम आपल्या घराण्यात कुणी केलंय का?)

कंपनीच्या बाईंचा फोन आला. आधी नुसत्या हसत होत्या, मग तालीम म्हणजे काय विचारलं. मी कुस्तीपासनं फुटबॉलपर्यंत सगळं सांगितलं. शेवटी तेवढी ओळ काढायची, या अटीवर काम पक्कं झालं. खाला, आनंद पोटात मावेना, सगळ्या गल्लीत पेढे वाटले.

आता फक्त करारावर सही करून तो शनिवारपर्यंत परत पोचवायचा, न्हाईतर काम दुसऱ्याला. करार आला तो त्यांच्याच नियमानं, सदफच्याच हातात द्यायचा म्हणून. नेमकी मी दळण आणायला गेलते. समोरच्या चिमणाबाईंनी कुरिअरवाल्याला बसवून चहा पाजला आणि विचारलं, “तिला ल्हानपणी म्या न्हाऊ घातलंय. माझा हात परका हाय व्हय?” त्यानं पोचपावती पुढं केली. बाईंनी माझ्या नावानं सही ठोकली. एवढ्या मायेवर रागवायचं तरी कसं?

तुमची लाडकी,
सदफ

ता. क. : चिमणाबाई लेकीकडं, म्हणजे तुमच्याच गडहिंग्लजला गेल्यात. घरात उंदीर हाईत, म्हणून माझं कराराचं पाकीट पिशवीत घालून संगं नेलंय. त्यांच्याकडं फोन न्हाई आणि तुमचा कायम बंद. तेव्हा त्यांची लेक वर्षाराणी हिच्या घरी जाऊन पाकीट ताब्यात घ्या. शनिवारच्या आत माझ्याच हातात द्या, दुसऱ्या कुणालाबी न्हाई.

आणखी ता. क. : गुडघं दुखत असलं, तर हे पत्र घेऊन आलेल्या एसटीच्या चनबसाप्पा ड्रायव्हरकडं पाकीट द्या. मी स्टँडवर न्हाई दिसले तर ते तालमीत ठेवतील.