ताईंनी सोडवलेली पट्टी

४ मार्च
आज नव्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू झाले. बालविभागाच्या भिंतीवर जिराफ रंगवलेत. एकाला कुणीतरी पेनाने मिशा काढल्यात! मोठ्या सिस्टरनी माझी बॅग स्वतः उचलली. म्हणाल्या, मला ताई म्हण, इथे तुला सासुरवास नाही. जीव भांड्यात पडला.

५ मार्च
चार वर्षांची मुलगी आली. वाकून, हनुवटी पुढे काढून बसलेली. थुंकीही गिळवत नव्हती, लाळ गळत होती. श्वासनळीच्या तोंडावरचं झाकण सुजलंय. ताई कानात म्हणाल्या, आडवी करू नकोस, घशात बघू नकोस, रडवू तर मुळीच नकोस. आईच्या मांडीवरच तिला ऑपरेशन थिएटरपर्यंत नेलं. डॉक्टरांनी नाकातून श्वासनळीत नळी घातली. आता तिला बोलता येत नाही. हवं-नको डोळ्यांनी सांगते. नळीवरची चिकटपट्टी मी लावली. ताईंनी तपासली, पाठ थोपटली. किती बरं वाटलं!

६ मार्च
ताईंनी मला जेवायला पिटाळलं. परतले तर धावपळ. नळी निघालेली, पोर निळी पडलेली. ताईंनीच हाका मारून डॉक्टरांना आणलं, नळी पुन्हा बसली. वाचली. आई ताईंच्या गळ्यात पडून रडली. मग ताई सगळ्यांदेखत म्हणाल्या, नवीन पोरीने पट्टी सैल लावली होती, सांभाळून घ्या तिला.
सैल नव्हती. तरी माफी मीच मागितली.

७ मार्च
काचेतून पाहिलं. ताई पट्टीचं टोक नखाने सोडवत होत्या. हळूच, गुणगुणत. मी आत शिरताच दाबून बसवली, हसल्या.
डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, चूक झाकायला तू त्यांचं नाव घेशील, हे त्या म्हणाल्याच होत्या. म्हणजे माझ्या आधीच— जिला ताई म्हटलं, तिनेच केसाने गळा कापला.

८ मार्च
पोरीची आई मला खाटेजवळ फिरकू देत नाही. ताई दिसल्या की पोर डोळे घट्ट मिटते. तिला ठाऊक आहे.
सूज उतरली. उद्या नळी काढणार. मग ती बोलेल. हे ताईंनाही—

९ मार्च
बाहेर बाकावर लिहितेय. कुणालातरी कळावं म्हणून. डॉक्टर थिएटरमध्ये. आईला ताईंनी चहाला पाठवलं. मला म्हणाल्या, जा, आज तिच्याजवळ तूच बस.
गेले तर दोष माझा. न गेले तर ती—
ताई दारातून बाजूला झाल्या. मला वाट करून देताहेत. पोरीच्या गालावर पट्टी नाही—
मशीन ओरडतंय. ती माझ्याकडे हात— मी जा