झाकण तू उचल

धाकट्या,

परसातली बाबांची ती मोठी झाकणाची शेगडी न्यायला तू आज येणार, म्हणून किल्ली कुंडीखाली ठेवून मी मावशीकडे जातेय. उगाच फोन करत बसू नकोस.

शेगडी दिसते त्याहून जड आहे, आणि भाजलेल्या मातीची आहे. आपटली की संपली. एकट्याने शहाणपणा नको. शेजारच्या सुताराला हाक मार, तो येतो म्हणालाय. झाकणाच्या मागच्या बिजागरीला धरून अजिबात उचलू नका. आधी झाकण सोडवून बाजूला ठेवा, मग जाळी काढा, मगच खालचं धूड हलवा. गाडीत अंथरायला जुनी गोधडी दाराशी ठेवलीय.

त्या रविवारपासून झाकण कुणी उघडलेलं नाही. आमचं जेवण झाल्यावर निखारे विझावेत म्हणून बाबांनी हवेचा वरचा-खालचा झरोका बंद केला आणि छातीत कसंतरी होतंय म्हणत आत येऊन बसले, ते पुन्हा उठलेच नाहीत. तुझ्या वाटणीची दोन कणसं त्यांनी जाळीवरच ठेवली होती. म्हणाले, "येतो म्हणालाय ना, उशिरा आला तरी गरम मिळतील."

ती अजून आतच आहेत. माझ्याच्यानं काही झाकण उचलवलं नाही.

आई